हँगरमधली चूक कशी तपासायची: नव्याने ही जबाबदारी घेणाऱ्यांसाठी

५ मे १९८३ रोजी ईस्टर्न एअरलाइन्सचं लॉकहीड एल-१०११ मायामीहून बहामाजमधल्या नासाऊला निघालं. वाटेत मधल्या इंजिनाच्या तेलाचा दाब उतरला, म्हणून वैमानिकांनी ते बंद केलं आणि विमान परत फिरवलं. मग उरलेली दोन्ही इंजिनंही बंद पडली. समुद्रावर विमान तरंगत खाली येत असताना आधी बंद केलेलं मधलं इंजिन पुन्हा चालू करण्यात यश आलं आणि एका इंजिनावर विमान मायामीला उतरलं. आतली १७२ माणसं वाचली.

तेल गळालं त्याचं कारण बोटभर आकाराचं होतं. इंजिनाच्या तेलातले धातूचे कण पकडणारा चुंबकी प्लग असतो, त्याला चिप डिटेक्टर म्हणतात. आदल्या रात्री तिन्ही इंजिनांचे हे प्लग बदलले होते आणि नव्या प्लगांवर गळती रोखणाऱ्या रबरी ओ-रिंगाच नव्हत्या. कामाच्या कार्डावर रिंगा बसवायचं लिहिलेलं होतं, सही झालेली होती.

आता खरी गोष्ट. त्याआधीच्या दोनेक वर्षांत त्याच कंपनीत याच प्लगांच्या बाबतीत अशा १२ घटना झाल्या होत्या. दर वेळी मेकॅनिककडे पाहिलं गेलं, सूचना निघाल्या, कार्डावरचे शब्द बदलले. पण मेकॅनिक रोज हे प्लग कुठून उचलतात हे कुणी पाहिलं नाही. ते फोरमनच्या कपाटातून उचलत, आणि तिथले प्लग रिंगा घातलेले, तयार असत. त्या रात्री कपाटात प्लग नव्हते. स्टोअरमधून आणले ते रिंगांशिवाय आले. वर्षानुवर्षं ज्या हातांना रिंग घालावीच लागली नव्हती, त्या हातांनी ती त्या रात्रीही घातली नाही. अमेरिकेच्या एनटीएसबीने, म्हणजे अपघात तपासणाऱ्या मंडळाने, कारण लिहिताना मेकॅनिक आणि पर्यवेक्षक यांच्याबरोबर व्यवस्थापनालाही धरलं, कारण आधीच्या घटनांचा अर्थ त्यांनी लावला नव्हता.

क्वालिटी किंवा सेफ्टी विभागात नव्याने आलेल्या, पहिलीच चौकशी हातात पडलेल्या इंजिनिअरसाठी हे लिहितो आहे. अपघात आणि गंभीर घटना यांचा तपास आपल्याकडे एएआयबी, म्हणजे सरकारची विमान अपघात तपास संस्था करते. तिथे आपलं काम जागा जपणं आणि मागतील ते देणं एवढंच. पण राहिलेला स्पॅनर, चुकीचा पार्ट, न लागलेलं पॅनल, उलटा बसलेला व्हॉल्व्ह असं रोजचं बहुतेक सगळं कंपनीच्या आतच तपासलं जातं. विमान धोक्यात येईल अशी गोष्ट असेल तर सीएआर-१४५ या देखभाल संस्थांसाठीच्या नियमांप्रमाणे डीजीसीएला, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाला, ७२ तासांच्या आत कळवावं लागतं, हे घड्याळ पहिल्या मिनिटापासून लक्षात ठेवा. मात्र ७२ तासांत घटना कळवायची असते, निकाल द्यायचा नसतो. घाईने लिहिलेलं कारण पुढे पुसता पुसत नाही.

१. पहिला तास: दुरुस्त करू नका

ढिला बोल्ट दिसला की इंजिनिअरचा हात आपोआप स्पॅनरकडे जातो. त्यात विमान एओजी, म्हणजे या एका कामासाठी जमिनीवर अडकलेलं असलं, तर फोनवर फोन सुरू होतात. तरीही आधी फोटो काढा. लांबून, जवळून, बाजूला पट्टी ठेवून. काढलेला पार्ट पिशवीत घाला, टॅग लावा, क्वारंटाइनमध्ये कुलूपबंद ठेवा. टॉर्क रेंच, म्हणजे बोल्ट ठराविक जोराने आवळायचा पाना, वापरला असेल तर तो जसाच्या तसा ताब्यात घ्या, त्याच्यावरचं सेटिंग फिरवू नका. टास्क कार्डाची मूळ पानं, शिफ्टचं हँडओव्हर रजिस्टर, स्टोअरची इश्यू स्लिप, टूल क्रिबची, म्हणजे हत्यारांच्या खोलीची नोंद आणि त्या आठवड्याचा ड्यूटी रोस्टर एकत्र करा.

आणि त्या रात्री कचऱ्याचा डबा रिकामा होऊ देऊ नका. पार्टच्या फाटलेल्या पाकिटावरचं लेबल, जुना सील, तेलकट फडकं हे कार्डावरच्या सहीपेक्षा जास्त सांगतात.

चौकशी कोणी करायची हेही याच तासात ठरवून घ्या. ज्याने तो रोस्टर लावला, किंवा ज्याने विमान वेळेवर सोडायला सांगितलं, त्याने नको. माणूस कितीही सरळ असला तरी स्वतःच्या निर्णयाकडे त्याची पाठ राहते.

२. काय व्हायला हवं होतं, काय झालं

एका कागदावर मधोमध रेघ मारा. डावीकडे मॅन्युअलप्रमाणे काय व्हायला हवं होतं, उजवीकडे प्रत्यक्षात काय झालं. उजवीकडे फक्त क्रियापदं लिहा. ‘निष्काळजीपणे’, ‘घाईत’, ‘नीट न पाहता’ हे शब्द या कागदावर येता कामा नयेत. ते आपलं मत असतं, घटना नसते.

हे कसं करायचं ते एका जुन्या, पूर्ण तपासलेल्या घटनेवर पाहू. १० जून १९९० रोजी ब्रिटिश एअरवेजचं बीएसी वन-इलेव्हन विमान बर्मिंगहॅमहून स्पेनमधल्या मालागाला चाललं होतं. १७,३०० फुटांवर डावीकडची समोरची काच निखळून उडाली आणि कॅप्टन टिम लँकेस्टर कमरेपर्यंत बाहेर ओढले गेले. केबिनमधल्या सहकाऱ्यांनी त्यांचे पाय धरून ठेवले आणि सहवैमानिकाने विमान साउथहॅम्प्टनला उतरवलं. सगळे जिवंत राहिले, लँकेस्टरसुद्धा. ती काच २७ तास आधी बदलली होती. तिच्या ९० बोल्टपैकी ८४ बोल्ट ०.६६ मिलिमीटरने बारीक होते आणि ६ बोल्ट अडीच मिलिमीटरने आखूड.

‘मेकॅनिकने चुकीचे बोल्ट लावले’ असं लिहून फाइल बंद करता आली असती. उजवीकडचा कागद भरला की मात्र असं दिसतं: रात्रपाळीत माणसं कमी होती, म्हणून शिफ्टच्या मॅनेजरने काम स्वतः घेतलं. त्याने मॅन्युअल चाळलं, काम सोपं वाटलं. काढलेल्या बोल्टसारखेच नवे घ्यायचे ठरवून तो स्टोअरमध्ये गेला. तिथे तेवढे बोल्ट नव्हते. स्टोअरमधला माणूस म्हणाला, या कामाला दुसऱ्या नंबरचे लागतात. पण मॅनेजरच्या हातातले, काचेतून निघालेले बोल्ट तर वेगळेच होते. म्हणून तो विमानतळावरच्या दुसऱ्या, देखरेख नसलेल्या रॅककडे गेला, तिथे उजेड कमी होता, त्याने डोळ्यांनी जुळवून बोल्ट घेतले. बारीक बोल्टचे आटे इंचाला तेवढेच असल्यामुळे ते नटमध्ये फिरले. प्लॅटफॉर्म काचेला नीट लागत नव्हता, तो वाकून, हात लांब करून बोल्ट आवळत होता, आणि बोल्टचं डोकं खाचेत जास्त खोल बसतंय हे त्या कोनातून दिसत नव्हतं. दुसऱ्या माणसाने तपासायच्या कामांच्या यादीत समोरची काच नव्हतीच. हवेचा दाब देऊन पाहणंही बंधनकारक नव्हतं.

आणि जुन्या काचेचे, नमुना म्हणून नेलेले बोल्टही मुळात चुकीचेच होते. आखूड होते, तरी त्यांनी काच धरून ठेवली होती.

एकेक वाक्य वेगळं वाचून पाहा. कुठल्याही रात्रपाळीत, कुणाच्याही हातून होईल असंच आहे. चौकशीत मला एकाच प्रश्नाचं उत्तर हवं असतं: त्या क्षणी, त्या माणसाला, हे बरोबर का वाटलं? याचं उत्तर मिळेपर्यंत चौकशी पूर्ण झालेली नसते.

३. माणसाशी बोलणं

यावर मी सगळ्यात जास्त वेळ देतो, तुम्हीही द्या. शक्यतो एक-दोन दिवसांत बोला, पण रात्रपाळी संपल्यावर त्याच सकाळी नको. जागलेल्या माणसाला घरी जाऊन झोपू द्या. बॉसच्या केबिनमध्ये टेबलापलीकडून बोलू नका. त्याला हवा असलेला सहकारी सोबत बसू द्या. सुरुवातीलाच सांगा की हे बोलणं कशासाठी आहे, कोण वाचणार आहे, आणि ज्याचं वचन तुम्ही देऊ शकत नाही ते देऊ नका.

‘का केलंत?’ या प्रश्नाने सुरुवात केली की माणूस बचाव करू लागतो. मी असं विचारतो: “काका, त्या रात्री हँगरमध्ये पाऊल टाकलंत तिथपासून सांगा. मी मध्ये बोलणार नाही.” आणि खरंच बोलायचं नाही. माणूस थांबला तरी आपण थांबायचं. ती शांतता अवघड वाटते, पण कामाची गोष्ट बहुधा तिच्यानंतरच येते.

आपल्या भाषेची एक गोष्ट इथे ध्यानात ठेवायला हवी. मराठी माणूस सहसा ‘मी विसरलो’ म्हणत नाही, तो म्हणतो, ‘ते राहिलं.’ ‘पिन लावायची राहिली.’ या वाक्यात कर्ता नाही आणि कारणही नाही. बरेच जण इंग्रजीत जबाब लिहिताना याचं सरळ ‘तंत्रज्ञ पिन लावायला विसरला’ करून टाकतात आणि तिथेच चौकशी मरते. राहिलं म्हणजे अनेक गोष्टी असू शकतात. मध्येच फोन आला म्हणून राहिलं. पिन स्टोअरमध्ये नव्हती म्हणून राहिलं. पुढची शिफ्ट लावेल असं ठरलं होतं म्हणून राहिलं. पिन लागते हेच माहीत नव्हतं म्हणून राहिलं. चारही कारणांचे उपाय निराळे.

“राहिलं म्हणजे कसं राहिलं? मध्ये काय आलं?”

“मध्ये काही नाही हो साहेब. शिडी दुसऱ्या विमानाला नेली.”

“कोणी नेली?”

“नेली म्हणजे… एकच आहे ना ती.”

एवढं कळायला कधी अर्धा तास लागतो. म्हणून जबाब त्याच्या भाषेत, त्याच्या शब्दांत आधी लिहून घ्या, त्याला वाचून दाखवा, भाषांतर नंतर. मुंबईच्या हँगरमध्ये एकाच शिफ्टला मराठी, हिंदी, मल्याळम, तमिळ बोलणारे असतात. इंग्रजी फॉर्म ही कुणाचीच घरची भाषा नसते.

थकव्याबद्दल विचारताना ‘थकला होतात का?’ असं विचारू नका, सगळे नाही म्हणतात. त्याऐवजी विचारा, काल किती वाजता झोपलात, किती वाजता उठलात, घरून कधी निघालात. बदलापूर किंवा विरारहून येणाऱ्या माणसाची बारा तासांची शिफ्ट रोस्टरवर बाराच तासांची दिसते, लोकलमधला उभा प्रवास तिथे कुठेच नोंदलेला नसतो.

४. त्याच वेळी, त्याच जागी जा

चूक रात्री साडेतीनला झाली असेल तर साडेतीनला जा. सकाळी अकराला त्या विमानाखाली उभं राहून ‘हे तर स्पष्ट दिसतंय’ म्हणणं अन्यायाचं आहे. तीच शिडी, तोच टॉर्च, तेच हातमोजे घ्या. शक्य असेल तर तेच काम तुम्ही स्वतः करा, कार्ड वाचत वाचत.

११ सप्टेंबर १९९१ रोजी टेक्सासमधल्या ईगल लेकजवळ काँटिनेंटल एक्स्प्रेसचं एम्ब्रेअर १२० हवेतच मोडून पडलं आणि १४ जण गेले. शेपटीवरच्या आडव्या पंखाच्या पुढच्या कडेचे, वरच्या बाजूचे ४७ स्क्रू आदल्या रात्री काढलेले होते, ते परत लागले नव्हते. काम एका शिफ्टने सुरू केलं, दुसरीकडे गेलं, आणि एवढे स्क्रू निघाले आहेत हे हँडओव्हरमध्ये आलंच नाही. ती शेपटी टी आकाराची, म्हणजे आडवा पंख सगळ्यात उंच. खालून, रात्री, वरच्या पृष्ठभागावरचे रिकामे स्क्रूचे खड्डे दिसणं शक्यच नव्हतं. हे कागदावर वाचून समजतं, पण अशा शेपटीखाली रात्री उभं राहून मान वर केली की वेगळंच समजतं.

५. कारणांचं वर्गीकरण, बेताने

सीएआर-६६ च्या, म्हणजे इंजिनिअरच्या परवान्याच्या अभ्यासक्रमाच्या, मॉड्यूल ९ मध्ये ‘डर्टी डझन’ पाठ केलेलंच असतं: संवादाचा अभाव, बेफिकिरी, अपुरं ज्ञान, लक्ष विचलित होणं, थकवा, दबाव, पडलेल्या प्रथा वगैरे बारा घटक. ट्रान्सपोर्ट कॅनडात गॉर्डन ड्युपाँट यांनी १९९३ मध्ये ही यादी मांडली. शिकवायला ती फार चांगली आहे. चौकशीत मात्र मोह होतो की ‘बेफिकिरी’ आणि ‘लक्ष नसणं’ यांच्यावर टिक करावी आणि मोकळं व्हावं. त्याने एका शब्दाला दुसरा शब्द जोडण्यापलीकडे काही होत नाही. माझ्या अगदी सुरुवातीच्या एका अहवालात मी ‘बेफिकिरी’ लिहिलं होतं. काही महिन्यांनी तीच चूक दुसऱ्या माणसाच्या हातून झाली, आणि तो माणूस कामात अतिशय काटेकोर म्हणून ओळखला जायचा. तो अहवाल आजही माझ्या मनाला लागून आहे.

बोइंगने तयार केलेली मेडा ही पद्धत इथे जास्त उपयोगी पडते, कारण ती माणसापासून सुरू होऊन माहिती, साधनं, विमानाची रचना, काम, परिसर, पर्यवेक्षण, संस्था असं बाहेर बाहेर विचारायला लावते. प्रत्येक घटकासमोर पुरावा लिहा. पुरावा नसेल तर तो घटक गाळा.

६. दुसरा कुणी असता तर?

शिक्षेचा प्रश्न येतोच, तो टाळता येत नाही. विसरणं किंवा हात घसरणं, चुकीची समजूत असणं, आणि नियम माहीत असून बाजूला ठेवणं या तीन गोष्टी वेगळ्या आहेत. तिसरीतही फरक आहे: साधन मिळत नाही म्हणून सगळी शिफ्ट जो आडमार्ग घेते तो एक, आणि स्वतःच्या सोयीसाठी एकट्याने जाणूनबुजून घेतलेला धोका दुसरा.

एक कसोटी वापरा. त्याच अनुभवाचे, त्याच परवान्याचे तीन जण निवडा, त्यांना निकाल न सांगता परिस्थिती सांगा आणि विचारा, तुम्ही काय केलं असतं? त्यांनीही तेच केलं असतं तर एका माणसाला शिक्षा करून पुढच्या वेळी काही बदलणार नाही. खोटी सही, नशा, जाणूनबुजून केलेला बेपर्वाईचा प्रकार असेल तर ते वेगळं, आणि ते सेफ्टीच्या चौकशीतून बाहेर काढून योग्य त्या ठिकाणी पाठवा. दोन्ही एकाच टेबलावर चालवलं की पुढे तुम्हाला कुणीच काही सांगणार नाही.

७. किती खोल जायचं

‘का’ विचारत गेलं की कुठेतरी थांबावं लागतं. मी अशा जागी थांबतो जिथे कुणाच्या तरी अधिकारात बदल करणं आहे आणि तो अधिकारी नावाने सांगता येतो. ईगल लेकच्या अपघातात एनटीएसबीचे सदस्य जॉन लॉबर यांनी बहुमतापेक्षा वेगळं मत नोंदवलं: पद्धती पाळल्या जातील अशी संस्कृती वरच्या व्यवस्थापनाने उभी केली नाही, हे मुख्य कारणातच यायला हवं. तुमच्या अहवालात हे लिहिण्याइतकी जागा तुम्हाला मिळेलच असं नाही. पण माणूसबळाचा प्रश्न आठव्यांदा समोर आला असेल तर ‘आठव्यांदा’ हा शब्द आणि आधीच्या सात तारखा लिहाच.

८. उपाय

‘संबंधितांना समज दिली’, ‘पुन्हा प्रशिक्षण दिलं’, ‘सूचना फलकावर लावली’. ईस्टर्नमध्येही सूचनाच निघत होत्या. हे उपाय सगळ्यात कमकुवत, कारण पुन्हा माणसाच्या लक्षात राहण्यावरच ते उभे असतात.

मजबूत उपाय कसा दिसतो? २४ मे २०१३ ला हीथ्रोहून ऑस्लोला निघालेल्या एअरबस ए३१९ च्या दोन्ही इंजिनांची आवरणं टेकऑफच्या वेळी उडाली, इंधनाची नळी फुटली, परतताना उजव्या इंजिनाला आग लागली. सुदैवाने सगळे वाचले. रात्री दोन तंत्रज्ञ आवरणांची कुलपं न लावता तेल भरायचं साधन आणायला गेले होते, आणि परत आले ते वेगळ्याच विमानाशी. तिथली आवरणं बंद दिसली. कुणीतरी लावली असतील असं त्यांना वाटलं. ही कुलपं इंजिनाच्या पोटाखाली असतात, जमिनीवर वाकल्याशिवाय ती लागली आहेत का हे दिसत नाही. या प्रकारच्या विमानांवर आधीही अनेकदा असं झालं होतं, इशारे आणि सूचना देऊन झाल्या होत्या. पुढे जो बदल आला त्यात कुलूप उघडायला खास किल्ली लागते, तिला ठळक झेंडी असते, आणि कुलूप नीट लागल्याशिवाय किल्ली निघतच नाही. आता विसरलेल्या माणसाला ती झेंडीच आठवण करून देते.

सगळीकडे रचना बदलता येणार नाही. पण आपल्या हातात बरंच असतं: दुसरी शिडी विकत घेणं, एकसारखे दिसणारे बोल्ट वेगवेगळ्या कप्प्यांत आणि वेगळ्या रंगाच्या डब्यांत ठेवणं, देखरेख नसलेला रॅक बंद करणं, दोन्ही इंजिनांवर एकच काम एकाच रात्री एकाच माणसाला न देणं, हँडओव्हर तोंडी न ठेवता विमानापाशी उभं राहून लिहून देणं. उपायासमोर नाव, तारीख आणि खर्च लिहा. या तिन्हींपैकी एक जरी कोरं असेल तर तो उपाय होणार नाही असं समजा.

९. परत सांगणं

ज्याने घटना कळवली त्याला, नुसतं आभारपत्र नव्हे, काय बदललं ते समोर जाऊन सांगा, दोन-तीन आठवड्यांच्या आत. मग शिफ्ट सुरू होतानाच्या दहा मिनिटांत सगळ्यांना सांगा: नाव वगळून, फोटो दाखवून, तो चुकीचा पार्ट प्रत्यक्ष हातात देऊन. बारीक आणि जाड बोल्ट दोन्ही एकाच तळहातावर ठेवून डोळ्यांनी ओळखायला सांगा. ०.६६ मिलिमीटर म्हणजे किती, हे त्यानंतर वेगळं समजावावं लागत नाही.

तीन महिन्यांनी एका रात्रपाळीला न कळवता जा. नवी शिडी कुठे आहे ते पाहा. ती स्टोअरमध्ये कुलपात असेल तर किल्ली कोणाकडे असते, आणि तो माणूस रात्री ड्यूटीवर असतो का, हे विचारून वहीत लिहा.